पोटातला जमीनदार

वहिनीच्या पोटात एक स्पॅनिश जमीनदार मुक्काम ठोकून आहे, हे तिला मीच सांगितलं. रविवारी जेवताना, गंमत म्हणून. इतिहासाच्या मास्तरानं भरल्या ताटावर गंमत करू नये, एवढा धडा मी त्यातून घेतला. बाकीचे धडे गावाला मिळाले.

वहिनी म्हणजे एदेल्मिरा कुआस्केर, माझ्या थोरल्या भावाची, सेगुंदोची बायको. दोघं वर यांबितात राहतात. तुकेर्रेसहून ज्वालामुखीच्या अंगानं चढत गेलं की जिथे बटाट्याशिवाय दुसरं काही मनापासून उगवत नाही, ते आमचं गाव. मी खाली तुकेर्रेसच्या शाळेत शिकवतो आणि रविवारी वर जेवायला जातो, कारण मला बायको नाही आणि वहिनीच्या हाताला चव आहे.

तिची आई पोटानं गेली. मग थोरली बहीण पोटानं गेली. मग भाऊ. 'पोटानं' एवढं म्हटलं की आमच्याकडे पुढे कुणी विचारत नाही. कॅन्सर हा शब्द लोक दवाखान्यात ऐकतात आणि तिथेच ठेवून येतात, चिखलाचे बूट दाराबाहेर काढावेत तसा. घरी आल्यावर खरी कारणं सुरू होतात. आई तिन्हीसांजेला घळीजवळून एकटी आली, तिथे तिच्यात वारं शिरलं. बहिणीनं रागाच्या भरात थंड बटाटा खाल्ला. भावानं मेव्हण्यावरचा संताप गिळला, आणि संताप पचायला जड. तिघांच्या मृत्यूचे खटले वाऱ्यावर, बटाट्यावर आणि मेव्हण्यावर चालले. शिक्षा मेव्हण्याला झाली; त्याच्याशी अजून कुणी बोलत नाही.

वहिनीला जळजळ सुरू झाली तेव्हा गावानं तिच्यासाठीही एक कारण तयार ठेवलं होतं. तिनं ते ऐकून घेतलं नाही. बसनं खाली आली, मला वर्गातून बोलावून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, मला नळी घालून पोट बघायचंय. आमच्या घरातली सगळी दवाखान्यात गेली ती झोळीतून. मी चालत जाणार आहे."

तुकेर्रेसच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर किन्योनेस होत्या. समुद्रकाठच्या, तुमाकोच्या काळ्या लोकांतल्या, आणि समुद्राच्या आवाजावर आवाज चढवायची सवय असलेल्या. आम्ही डोंगरातले लोक आजार कानात सांगतो. या बाई तो व्हरांड्यातल्या शेवटच्या बाकापर्यंत सांगायच्या. नळी घालून झाली, तुकडा तपासून आला, आणि शेवटच्या बाकाला कळलं की एदेल्मिरा कुआस्केरच्या पोटाचं अस्तर रूप पालटू लागलंय. पोटाच्या कातडीनं पोटासारखं राहायचं सोडून आतड्यासारखं व्हायला घेतलंय. हा कॅन्सर नव्हे. पण तिकडे जाणारी वाट आहे, आणि त्या वाटेनं बोट धरून नेणारा एक जंतू आत बसलाय. हेलिकोबॅक्टर त्याचं नाव.

तो आला कुठून, असं वहिनीनं विचारलं. लहानपणी, बहुतेक आईकडूनच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. वहिनी म्हणाली की आईनं शेत भावाला दिलं, मेंढ्या बहिणीला दिल्या, मला काहीच दिलं नाही असं मी इतकी वर्षं समजत होते.

जंतू मारला तर वाट तिथेच थांबू शकते, काहींची थोडी मागेही फिरते, पण हमी कुणी देत नाही, असं सांगून बाईंनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. मूठ मूठ गोळ्या. त्यांनी तोंडाला गंजकं लोखंड चाटल्यासारखी चव येते, आणि त्यातल्या एकीनं जीभ कोळशासारखी काळी होते. वहिनीनं एकही चुकवली नाही. तपासलं तर जंतू गेलेला. पुढच्या वर्षी परत नळी घातली, तर महाशय परत हजर.

"हा आता कुठून आला?" वहिनीनं विचारलं. तिला वाटलं डॉक्टरनं मागच्या वेळी नीट मारला नाही.

"घरातून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकीच्यांच्या पोटात तो आहेच. उष्ट्यातून येतो, पाण्यातून येतो, कशातून ते शपथेवर कुणी सांगणार नाही. पण एका घरात एकापासून दुसऱ्याकडे जातो हे नक्की. नवऱ्याला घेऊन या. आणि तुमच्या गावात तो एकच तुंबा सगळ्यांत फिरवतात ना, त्याच्यापासून लांब राहा."

"तुमच्या तुमाकोत नाही का हा जंतू?"

"आहे की. घरोघरी आहे. पण आमच्याकडे त्याच्यानं कॅन्सर फारसा होत नाही."

"मग तुमची माणसं मरतात कशानं?"

"कारणांची आम्हाला टंचाई नाही, बाई," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वहिनीला हे लागलं. एकच जंतू, खाली समुद्रकाठी निमूट राहतो आणि वर आमच्याकडे माणसं मारतो, हा तिला उघड उघड पक्षपात वाटला. रविवारी कुई, म्हणजे घरात पाळलेला गिनीपिग, भाजून ताटात आला तरी तिचं तेच चाललं होतं. आता याचं उत्तर मला योगायोगानं माहीत होतं. पास्तोच्या विद्यापीठात मी एक व्याख्यान ऐकलं होतं. संशोधक म्हणतात की तुमाकोच्या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून धरून आणले, ते आपला जंतू बरोबर घेऊन आले. हजारो वर्षांची ओळख, दोघंही एकमेकांच्या खोडी जाणून. आमची पोटं मात्र इथलीच, या डोंगरातली, आणि आत बसलेला जंतू बहुतेक स्पेनहून आलेल्यांच्या वंशाचा. पोट एकाचं, बिऱ्हाड दुसऱ्याचं. जमत नाही.

एवढंच सांगून थांबलो असतो तर चाललं असतं. पण मी मास्तर. मी म्हटलं की सगळा देश स्पेनच्या राजाविरुद्ध उठला तेव्हा आपल्या खापरपणज्यांनी राजासाठी जीव दिला, त्यापायी देशभर अजून आपल्या मूर्खपणाचे विनोद सांगतात; राजा गेला, पण माणूस उपकार बाकी ठेवणारा नव्हता, जाताना आपला एक जमीनदार आपल्या पोटात ठेवून गेला.

सेगुंदो हसला. वहिनीनं ताटातून हात काढला.

"जमीनदार?" ती म्हणाली.

यांबितात हा शब्द गमतीत वापरायचा नसतो. वरचं सगळं कुरण पूर्वी एका हासिएंदाचं, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीचं होतं आणि आमचे वडील त्यावर वेठीला राबले. आम्ही लहान असताना एका पहाटे सगळ्या गावानं मिळून ते कुरण नांगरलं. पोलिसांनी घोडे घातले. गावानं परत नांगरलं. माणसं तुरुंगात गेली, उरलेल्यांनी नांगरलं. शेवटी जमीनदार दमला. त्याची आठवण म्हणून आजही दर वर्षी मिंगा होते, म्हणजे सगळं गाव फावडी घेऊन एका कामाला लागतं: जुन्या हद्दीवरचा चर साफ करायचा. आणि मिंगात तुंबा फिरतो. भोपळ्याचा, एकच. रानबोरांचा उकळता रस आणि त्यात उसापासून घरी गाळलेली चापिल. यजमानीण आधी पिते, मग तुंबा रांगेनं फिरतो, ज्याच्या हातात येईल त्यानं तळापर्यंत प्यायचा, भरून पुढच्याला द्यायचा. नको म्हणायची सोय नाही. मी आजवर कुणी नको म्हटलेलं पाहिलं नव्हतं.

"कुरणातून हाकलला," वहिनी म्हणाली, "तो पोटात कशाला पोसायचा?"

तिनं परत दोन आठवडे गोळ्या घेतल्या, आणि त्या दिवसापासून घरात तिचा पेला वेगळा, ताट वेगळं, चमचा वेगळा. सेगुंदोनं ते सोसलं. पण गोळ्या घ्यायला तो तयार होईना. मला काही होत नाही, धडधाकट बैलाला कुणी औषध पाजतं का, असं त्याचं म्हणणं. बैल माझ्या चुलीपाशी जेवत नाही, असं तिचं म्हणणं. यावर तो उठून मेंढ्यांकडे जायचा. माझा भाऊ सज्जन आहे. भांडण आलं की त्याला मेंढ्या आठवतात.

मग ती गावात हिंडू लागली. घरोघरी जायची, चुलीपाशी बसायची आणि सरळ विषयाला हात घालायची: तुमच्या पोटात जमीनदार बसलाय आणि तुम्ही त्याला रोज सकाळी नाश्ता देताय. शेजारीण ओतिलिया, जिच्या मुलीची वहिनी धर्ममाता, ती सुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. वहिनीला 'डॉक्टरीण' नाव पडलं, मग 'निर्मळ बाई'. बेन्हामिन नावाचा एक टवाळ आहे, तो तिला रस्त्यात गाठून विचारायचा, माझा जमीनदार आज उपाशी आहे, त्याला काय देऊ? ती म्हणायची, त्याला तुझी अक्कल दे, एका घासात संपेल.

खरा विरोध तायता इपोलितोचा होता. तायता म्हणजे आमच्याकडे वडील माणूस, आणि इपोलितो पुएनायान तर गावसभेचा मुख्य, अधिकाराची काठी बाळगणारा. कुरणापायी तो तुरुंगात जाऊन आलेला. त्याची टिंगल करणं सोपं नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. तो वहिनीला म्हणाला की त्या पहाटे पोलिसांचे घोडे दिसत होते, थंडीनं हात फावड्याला चिकटत होते आणि तेव्हा एकच तुंबा रांगेतून फिरला. कोण आपला, कोण जमीनदाराचा हेर, ते त्या तुंब्यावरून कळलं. हेरानं प्यायचं टाळलं. तुंबा वेगळा करणारा माणसं वेगळी करतो, मग तो पोलीस असो की डॉक्टर.

वहिनीनं ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी गेली.

मिंगाच्या आधीचे पंधरा दिवस गाव जरा विचित्र वागत होतं. लोक कमी बोलत होते. हसले तरी ओठ मिटून हसत होते. बेन्हामिननं माझ्याशी बोलताना तोंडासमोर टोपी धरली. मी ते थंडीच्या खाती टाकलं. शिकलेल्या माणसाला सगळ्याचं कारण पटकन सापडतं.

त्या वर्षी यजमानपदाची पाळी नेमकी सेगुंदोच्या घराची. म्हणजे पहिला घोट वहिनीचा. आदल्या संध्याकाळी सेगुंदोनं तिची विनवणी केली. नुसता ओठ लाव, पिऊ नकोस, कोण बघतंय. ती म्हणाली की सगळं गाव बघतंय, त्यासाठीच तर ओठ लावायचा असतो. मला त्यानं मध्यस्थी करायला सांगितलं. मी म्हटलं, वहिनी, एक दिवस. तिनं मला बटाटे सोलायला बसवलं.

सकाळी चरावर सगळे जमले. धुकं अजून कुरणावरून उठलं नव्हतं. कामाला हात घालायच्या आधी वहिनी वाफाळता तुंबा घेऊन रांगेच्या तोंडाशी आली. सगळे थांबले. तिनं तुंबा दोन्ही हातांनी तायता इपोलितोसमोर धरला.

"बोरं मी तोडली, रस मी उकळला, आणि देतेही मीच," ती म्हणाली. "पिणार नाही."

कुणी तरी खोकलं. बेन्हामिन म्हणाला, वहिनी, विषबिष घातलंय की काय? ती म्हणाली की विष घातलं असतं तर पहिला तुंबा तुलाच दिला असता. थोडं हसू झालं, पण ते लगेच विझलं, कारण तायतानं तुंबा घेतला नव्हता.

"एदेल्मिरा," तो म्हणाला, "इथे जो पीत नाही तो आमच्यातला नसतो. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, तायता. माझी आई प्यायली. माझी बहीण प्यायली. माझा भाऊ तर दोनदा मागून प्यायचा. ते तिघंही तुमच्यातलेच होते. दाखवा मला कुठे आहेत ते."

वहिनीचे हात तसेच पुढे होते आणि तुंब्यातली वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती. ती रडत नव्हती. तिला पाहून मला हासिएंदाच्या फाटकासमोर उभ्या राहिलेल्या बाया आठवल्या, ज्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय.

इतक्यात सेगुंदो पुढे झाला. घराची अब्रू वाचवायला घरातलं कुणी तरी प्यायलाच हवं होतं. त्यानं तिच्या हातातून तुंबा घेतला, एका दमात रिकामा केला, भरला आणि तायताला दिला. तायता प्यायला, आणि तुंबा चालू लागला. ओतिलिया प्यायली, बेन्हामिन प्यायला, माझ्यापर्यंत आला, मी प्यायलो. मी खाली तुकेर्रेसमध्ये केव्हाच गोळ्या घेऊन मोकळा झालो होतो, आता पिऊ नये हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि सगळं गाव बघत असताना तुंबा परत करणं वेगळं. मी विद्यापीठातून फक्त पहिलं शिकून आलोय.

वहिनी एकटी चरात उतरली आणि खोदू लागली. तिच्या दोन्ही बाजूंना माणसांनी जागा सोडली होती.

थोडं काम झालं असेल. सेगुंदोनं फावडं टेकवलं. त्याचं तोंड बीटासारखं लाल झालं होतं. छातीवर हात ठेवून तो दोन पावलं चालला आणि चराच्या काठावर वाकून भडभडा ओकला. कुणी काही म्हणायच्या आत पलीकडे ओतिलिया बसली. मग बेन्हामिन, टोपीसकट. मग ओतिलियाचा नवरा, मग त्याचा भाऊ, मग बायकांच्या घोळक्यातून एक एक. ज्या चराच्या साफसफाईला गाव जमलं होतं तो चर गावानं बघता बघता वापरात आणला. जवळजवळ अर्धी रांग वाकलेली, उरलेली अर्धी त्यांच्याकडे बघत उभी, आणि कुणी तरी ओरडलं की डॉक्टरीणबाईनं विष घातलं.

वहिनी चरातून वर आली. तिनं घाई केली नाही. सेगुंदोच्या समोर उभी राहिली आणि त्याची हनुवटी धरून वर केली.

"जीभ दाखवा," ती म्हणाली.

सेगुंदोनं ओठ गच्च मिटले.

"दाखवा."

त्यानं दाखवली. कोळशासारखी काळी होती.

वहिनी तिथून ओतिलियाकडे गेली. "जीभ." ओतिलियानं रडत रडत काढली. काळी. बेन्हामिननं न सांगताच काढली. अख्ख्या रांगेतून ती पुढे पुढे जात राहिली आणि 'जीभ' यापलीकडे एक शब्द बोलली नाही, आणि एका मागोमाग एक काळ्या जिभा बाहेर येत गेल्या. गुरुवारच्या बाजाराला जो तो बटाट्याचं पोतं घेऊन खाली गेला होता, दवाखान्याच्या मागच्या दारानं डॉक्टर किन्योनेसकडे शिरला होता, आणि घरी सांगू नका, गावात सांगू नका, मुख्य म्हणजे एदेल्मिराला सांगू नका, असं विनवून गोळ्या घेऊन आला होता. औषधं दवाखान्यात त्याच महिन्यात पोचली, म्हणून सगळ्यांचे दोन आठवडे एकदमच चालू होते. तिला तोंडावर हसणारं गाव घरी येऊन पाठमोरं बसून गोळ्या गिळत होतं. नवरा-बायकोनं एकमेकांपासून लपवून घेतल्याचीही उदाहरणं त्या रांगेत निघाली.

डॉक्टरबाईंनी प्रत्येकाला बजावलं होतं की या गोळ्यांवर दारूचा थेंब चालणार नाही, आतडी बाहेर येतील. प्रत्येकानं ते काटेकोर पाळलं. एकानंही दारूला हात लावला नाही. आता आमच्याकडे दारू म्हणजे दुकानात मिळते ती, बाटलीतली, सरकारी शिक्क्याची. चापिलला कुणी दारू म्हणत नाही. चापिल थंडीसाठी असते. बाळंतिणीला देतात, गळा बसला तर चोळतात, मिंगात पितात. तुमाकोच्या डॉक्टरला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि आम्हाला ते सांगावं असं कधी वाटायचं कारण नव्हतं.

रांग संपवून तुंबा परत तायता इपोलितोच्या हातात आला होता, भरलेला. त्यानं गोळ्या घेतल्या नव्हत्या. तो जे बोलायचा तेच वागायचा. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्याच्या आजूबाजूला तुंबा घ्यायला सरळ उभं असं फारसं कुणी नव्हतं.

"चोरून," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "पोलीस कोठडीत मारत होते तेव्हासुद्धा आपण एकमेकांपासून काही चोरलं नाही."

ओतिलिया तोंड पुसत म्हणाली, तायता, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. यानं त्याला बरं वाटलं असं दिसलं नाही. तो वहिनीकडे वळला आणि म्हणाला की यजमानिणीच्या घोटावाचून मिंगा सुरूच झाली नाही, आता तरी पी, आणि हे मिटव.

"मी मिटवायला आलेले नाही," वहिनी म्हणाली. "माझा घोट जमिनीला द्या. तिच्या पोटात अजून कुणी नळी घातलेली नाही."

त्यानं जमिनीला दिला नाही. सगळ्यांच्या देखत तुंबा स्वतःच तळापर्यंत प्यायला, उपडा करून दाखवला आणि फावडं घेऊन चरात उतरला. वहिनीही उतरली. त्या दिवशीचा चर म्हातारा, वहिनी आणि ज्यांच्या जिभा गुलाबी होत्या त्यांनी मिळून साफ केला. मीही त्यांच्यात होतो. त्याचा अभिमान वाटावा की लाज, हे अजून माझं ठरलेलं नाही.

घरी जाताना वहिनीनं सेगुंदोला एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू गावभर सांगितलं असतंस. ते खरं होतं. मग बरंच खाली आल्यावर म्हणाली, "माझ्यासाठी घेतल्या?"

"बैलासाठी," सेगुंदो म्हणाला.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण गावानं त्या सकाळचा अर्थ गावासारखा लावला. गोळ्या आणि चापिल या दोघांत कोण खोटं, यावर प्रत्येक चुलीपाशी विचार झाला, आणि चापिलची ओळख पिढ्यांची, गोळ्यांची दोन आठवड्यांची. बहुतेकांनी उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या. सेगुंदोनंही टाकल्या, कारण ओकारीला तो भयंकर घाबरतो. तिकडे गावसभा बसली आणि ठरलं की एदेल्मिरा कुआस्केरनं यापुढे तुंब्याला हात लावायचा नाही, आणि त्या घराला यजमानपद नाही. निरोप सांगायला आलेल्या माणसाला तिनं जेवायला वाढलं आणि सांगितलं की तुंब्याला हात लावायचा नाही हे मी गेलं वर्षभर सांगतेय, सभेला आत्ता पटलं.

काही महिन्यांनी दोघं खाली तपासणीला आली. डॉक्टर किन्योनेस चापिलची हकीकत ऐकून आधी इतक्या हसल्या की शेवटचा बाक उठून आत डोकावून गेला, आणि मग इतक्या चिडल्या की तो परत जाऊन बसला. तपासाचा निकाल असा: वहिनीच्या पोटात जंतू नाही. अस्तर होतं तसंच आहे. पुढे गेलेलं नाही, मागे फिरलेलं नाही, दर वर्षी येऊन दाखवावं लागेल. सेगुंदोच्या पोटात जंतू आहे. अर्धवट औषधानं मेला नाही, उलट त्या गोळ्या त्याच्या ओळखीच्या झाल्या असतील, आता दुसऱ्या द्याव्या लागतील, आणि त्याही पूर्ण. म्हणजे वहिनी रोज ज्याच्याबरोबर जेवते, झोपते, त्याच्याकडून तो कधीही परत येऊ शकतो. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिनं एवढं केलं ते त्याच्या एका घोटानं पाण्यात जाणार होतं, हे त्यालाही तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं असावं, कारण त्यानं मेंढ्यांचा विषय काढला नाही.

नव्या गोळ्या सुरू झाल्या. या खेपेला तो त्या ओट्यावर बसून, रस्त्याकडे तोंड करून घ्यायचा. बेन्हामिन जाता येता बघायचा. टोपी डोळ्यांवर ओढून पुढे जायचा. मोरीत टाकलेल्यांपैकीच तो एक होता.

गोळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी, मी जेवायला बसलो होतो तेव्हा तायता इपोलितो दारात आला. ओतिलियाच्या घराचं छप्पर वाऱ्यानं उडालं होतं, दुसऱ्या दिवशी मिंगा होती. बोलावणं करायची आमची रीत अशी की मुख्य माणूस तुंबा घेऊन दारोदार जातो. जो प्यायला त्यानं आपले हात कबूल केले. वहिनीला सभेनं तुंब्याची बंदी केली होती, म्हणून म्हातारा उंबऱ्याबाहेरच थांबला आणि त्यानं तुंबा सेगुंदोपुढे धरला.

माझ्या भावानं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बाजारात नको असलेली कोंबडी घेऊन येणारा तो माणूस. तो उठला, दारात गेला, आणि त्याचे हात अर्धवट वर गेलेले मी पाहिले. वहिनी चुलीपाशी पाठमोरी होती. ती वळली नाही.

हात खाली आले.

"मी येतो, तायता," सेगुंदो म्हणाला. "शिडी पण आणतो. तुंबा नको. माझ्या गोळ्या चालू आहेत."

"ही तुझी बायको बोलतेय," म्हातारा म्हणाला.

"ती बोलते तेव्हा तुमच्या घरापर्यंत ऐकू येतं. हे मी बोलतोय."

"प्यायल्याशिवाय दिलेला शब्द मी धरत नाही, सेगुंदो."

"मग शब्द न देताच येतो."

तायताला काठी आणि तुंबा दोन्ही सावरून वळायला त्रास झाला. सेगुंदोनं कोपराला धरून पायरी उतरवून दिली, आणि म्हाताऱ्यानं ते करू दिलं. भरलेला तुंबा न सांडता तो पुढच्या घराकडे गेला. वहिनी म्हणाली की जेवण निवतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ओतिलियाकडे गेली. बरोबर शिडी, दोर आणि बटाट्यांचं मोठं पातेलं. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. तुंबा रांगेतून फिरताना त्या दोघांना वगळून पुढे गेला, आणि त्या दोघांनी तो जाऊ दिला. छपरावर चढायला माणसं कमी पडत होती. दुपारपर्यंत सेगुंदो वर होता, वहिनी खालून पेंढ्या देत होती, आणि त्यांना खाली उतरा म्हणून कुणी सांगितलं नाही.